दुपारचं दूध

सून घरात आल्यावर सासूला मूल होणं ही पिंपरी गावात काही नवलाची गोष्ट नव्हती. तरी बायका हसायच्याच. कौशल्येच्या अंगावरची हळद पुरती उतरली नव्हती तोवर तिच्या सासूबाई, सोजराबाई, बाळंत झाल्या आणि गावाला वर्षभराची करमणूक मिळाली. सोजराबाईंनी मुलीला बायडी म्हणायला सुरुवात केली आणि तिला पाजताना भिंतीकडे तोंड करून बसायची सवय लावून घेतली. एरवी ही बाई कुणाला भीक घालणारी नव्हती. नवऱ्याला, आबाजींना, ती चारचौघांत गप्प बसवायची. या एका बाबतीत मात्र तिची मान खाली असे.

छप्पन साली रुळांच्या पलीकडे बाटल्यांचा कारखाना उभा राहिला, तो यांच्याच वावरात. ज्या घराची जमीन गेली त्या घरातल्या दोघांना काम द्यायचं ठरलं होतं. थोरला ज्योतीराम, म्हणजे कौशल्येचा नवरा, भट्टीवर लागला. आबाजींचे गुडघे कामातून गेलेले, धाकटी पोरं शाळेत, म्हणून दुसरी जागा कौशल्येला मिळाली. बाटल्या भाताच्या पेंढ्यात गुंडाळून लाकडी खोक्यांत भरायच्या, एवढंच काम. गावची सून कारखान्यात जाते म्हणून पारावर चर्चा झाली. सोजराबाई पारावर जाऊन उभ्या राहिल्या तशी ती थांबली.

सयाजी झाला तेव्हा कौशल्येनं मनात धरलं होतं की पोर वर्षाचं होईपर्यंत घरीच राहायचं. बाळंतपणाची रजा संपत आली तशी तिनं ते भीत भीत बोलून दाखवलं. सोजराबाईंनी ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, की वावर गेलं ते गेलं, त्याच्या बदली आलेली जागा मी सोडू देणार नाही. ज्योतीराम खाली बघत भाकरी खात राहिला. आईपुढे तो नेहमीच असा भुकेला व्हायचा.

शेवटी असं ठरलं, की दुपारच्या सुट्टीत सोजराबाई बाळाला फाटकापर्यंत घेऊन येतील. फाटकाबाहेर पूर्वीच्या बांधावरची एक बाभळ तेवढी शिल्लक होती. तिच्याखाली कौशल्या पोराला पदराआड घ्यायची. पहिले काही दिवस सयाजी असा तुटून पडे की ठसका लागायचा. कौशल्येला त्या अर्ध्या तासासाठी सकाळ काढता यायची. हात बाटल्यांवर चालत, कान भोंग्याकडे असत. आपण कामाला जातो, पण पोर आपलंच आहे, हे तिला रोज त्या बाभळीखाली पटायचं.

पावसाळा सरला आणि सयाजीचं काहीतरी बिघडलं. तो यायचा तो हसत खेळत. पदराखाली घेतलं की दोन घोट प्यायचा, तोंड फिरवायचा आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या पगडीकडे बघत बसायचा. कौशल्या त्याचं तोंड पुन्हा वळवायची, तो पुन्हा फिरवायचा. जबरदस्ती केली की रडायचा आणि आजीकडे हात पसरायचा.

कौशल्येला वाटलं, आपलं दूध नासलं. शेजारणीनं सांगितलं, नजर लागली. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. सोजराबाईंनी स्वतः मेथीचे लाडू वळले, अळिवाची खीर केली, बाजरीची पेज पाजली. लाडू डब्यातून भराभर उडायचे. आपण एवढे खाल्ले का, असं कौशल्येला एकदोनदा वाटून गेलं, पण सासूच्या डब्याची चौकशी कोण करणार?

दूध काही कमी नव्हतं. तेच तर दुखणं होतं. दुपारी पोर प्यायचं नाही आणि तिसऱ्या प्रहरी छाती दगडासारखी व्हायची. चोळी भिजायची. मग ती खोक्यांच्या रांगेमागे जाऊन पेंढ्यात दूध पिळायची आणि डोळे पुसून परत यायची. तिला पोराचा राग यायचा, मग रागाची लाज वाटायची. रात्री तो झोपेत प्यायचा खरा, पण झोपेत पिणारं पोर कुणाचं पितं ते त्याला तरी कुठं कळतं, असं तिच्या मनात यायचं.

एके दिवशी मावळातून पेंढ्याच्या गाड्याच आल्या नाहीत. गुंडाळायला काही नाही म्हणून भरणीच्या बायकांना सकाळीच मोकळं केलं. बाकीच्या बायका भाजी घ्यायला निर्वासितांच्या कॅम्पात वळल्या. कौशल्या जवळजवळ पळतच घरी आली. आज निवांत बसून पाजायचं, असं तिनं वाटेतच ठरवलं होतं.

दार लोटलेलं होतं. आत सोजराबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवरून दोन पाय बाहेर आले होते. बायडीचे पाय कौशल्येला ओळखीचे होते. हे बायडीचे नव्हते. त्यात सयाजीचे काळ्या मण्यांचे वाळे होते.

बायडी कोपऱ्यात बसली होती. दोन वर्षांची होत आलेली पोर, हातात भाकरीचा तुकडा. तो तिनं चोखून चोखून ओला केला होता, खाल्ला नव्हता.

कौशल्या उंबऱ्यातच उभी राहिली. संतापानं तिचे कान तापले. लाडू कुठं गेले, पोर तोंड का फिरवतं, सगळं एकदम समजलं. आपण पेंढ्यात दूध पिळत होतो आणि ही बाई इथं आपलं पोर आपल्यापासून तोडत होती, एवढंच तिला दिसलं.

"आत्याबाई, मग माझं दूध कुणासाठी?" ती म्हणाली. आवाज चढवायचं तिला सुचलंच नाही.

सोजराबाई दचकल्या. पदर ओढला, पण पोराला काढलं नाही. मग भिंतीकडेच बघत त्या बोलल्या. सकाळी तू गेलीस की पोर आकांत करायचं, त्यांनी सांगितलं. गाईचं दूध चमच्यानं घातलं, ओकून टाकलं. एक दिवस निळं पडेस्तोवर रडलं. तेव्हा राहवलं नाही आणि जवळ घेतलं. सांगितलं असतं तर तू काम सोडून घरी बसली असतीस, म्हणून सांगितलं नाही. आणि लाजही वाटली.

"आन् बायडी?" कौशल्येनं विचारलं.

"दोघांना पुरंना. तिचं तोडलं." सोजराबाईंचा आवाज तिथं बारीक झाला. "रात्रीची छाती हुडकती माझी. मी पालथी निजती."

कौशल्येचा राग गेला नाही. पण आता तो कुठं ठेवायचा ते तिला कळेना. ती आत आली, भिंतीला टेकून बसली. तिची चोळी कधीच भिजली होती.

"मी काम सोडत न्हाई," ती म्हणाली. "सकाळचं तुमी पाजा. पण भोंग्याआधी घटकाभर त्याला तोंडी लावू नका. दुपारचं माझं हाय."

"रडंल त्यो."

"रडू द्या. उपाशी आला तर माझ्याकडं बघंल तरी."

सोजराबाईंनी मान हलवली. कुणाचं ऐकून त्यांनी मान हलवल्याचं कौशल्येनं पहिल्यांदाच पाहिलं.

सयाजी पोट भरून झोपला. त्याला उठवण्यात अर्थ नव्हता. कौशल्येच्या छातीत ठणका मारत होता. तिनं कोपऱ्यात पाहिलं. बायडी भाकरी विसरून तिच्या ओल्या चोळीकडे बघत होती, पण जागची हलत नव्हती. प्यायला मागायचं नाही, हे तिला या घरात शिकवून झालं होतं.

"ये," कौशल्या म्हणाली.

पोर आधी आईकडे बघायला लागली. मग बायडी रांगत आली, चांगली चालणारी पोर रांगत आली, आणि कौशल्येच्या मांडीवर चढली. पहिले घोट तिनं घाईघाईनं घेतले, कुणी ओढून काढेल या भीतीनं. मग हळूहळू तिची मूठ सैल झाली. कौशल्येची छाती हलकी व्हायला लागली आणि तिला इतकं बरं वाटलं की रडू आलं.

मधेच बायडी थांबली. तोंड भरून दूध, हनुवटीवर ओघळ. वर बघून म्हणाली, "आय."

सोजराबाईंनी चटकन मान फिरवली. मांडीवरच्या सयाजीचं नीटच असलेलं झबलं त्या उगाच नीट करत राहिल्या. सासूचं ते तोंड कौशल्येच्या चांगलं ओळखीचं होतं. गेले कित्येक दिवस दुपारी बाभळीखाली तिचं स्वतःचं असंच होत होतं. ही पाळी सासूवर यावी असं मघाशी उंबऱ्यात तिला मनापासून वाटलं होतं. आता आली, तर त्यात काही गोडी नव्हती.

तिनं बायडीची हनुवटी पदरानं पुसली.

"आय न्हाई गं," ती म्हणाली. "वैनी म्हन. आय तिकडं बसलीया."

बायडीनं एकदा तिकडे बघितलं आणि पुन्हा प्यायला लागली.