काटा टिकलीच्या वर

बसवंतचा उजवा गुडघा वाचवायचं मी ठरवलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकून माझा हेतू वाईट होता असं कुणाला वाटायला नको. माझे हेतू नेहमीच चांगले असतात. आमच्या हिला विचारा, ती कपाळाला हात लावील.

मी पद्माकर. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात तीस वर्षं यंत्रं तपासली आणि सत्त्याण्णव साली स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा कारखान्याची होती, निवृत्ती माझी. मारतहळ्ळीला आमचं घर. प्रेमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, काही वर्षांपूर्वी हौसेनं चार डबे सुरू केले होते. पुढं व्हाइटफील्डला कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, पुण्यानागपूरकडची पोरं पोळीभाजीला आसुसली आणि चाराचे साठ डबे कधी झाले ते कळलंच नाही. पोळ्या लाटायला गोदूबाई आणि डबे पोचवायला तिचा नवरा बसवंत. दोघं मूळची बेळगावकडची, पण बंगळुरात तीस वर्षं काढलेली. बसवंत पायडलच्या तीनचाकीवर साठ डबे घालून आठ किलोमीटर जायचा आणि रिकामे डबे घेऊन आठ किलोमीटर परत यायचा. वय पंचावन्न.

अठ्ठ्याण्णवच्या मेमध्ये डॉक्टरनं त्याला सांगितलं, "पायडल बंद. नाहीतर वर्षभरात काठी हातात येईल, आणि मग काठीनंही भागणार नाही."

बसवंतनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी साडेनवाला गाडी काढली. दुसरं करणार काय? लिहितावाचता येत नव्हतं, लायसन्सच्या नुसत्या नावानं त्याला घाम फुटायचा आणि बसून खायची सोय नव्हती. प्रेमा मला म्हणाली, "अहो, एवढे इंजिनियर ना तुम्ही? मग काहीतरी करा की."

मला तेवढंच हवं होतं. रिकाम्या माणसाला काम मिळालं की तो किती उत्साही होतो ते घरच्यांनाच ठाऊक. मी मोपेड बघितली. साठ डबे तिच्यावर मावत नव्हते. मालवाहू रिक्षा बघितली. तिला लायसन्स लागत होतं. शेवटी होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत प्राणेश नावाचा एक माणूस सापडला. तो कारखान्यांच्या आवारात माल हलवायला बॅटरीच्या तीनचाकी बनवायचा. पायडल होतंच, शिवाय मागच्या आसाला मोटर आणि सीटखाली दोन बॅटऱ्या, अठ्ठावीस-अठ्ठावीस किलोच्या. मूठ पिळली की गाडी चालते, पाय नुसते ठेवायचे, आणि लायसन्सची कटकट नाही.

मी तीन वेळा होसकोट्याला गेलो. डब्यांची पेटी खाली बसवून घेतली, आमटी सांडू नये म्हणून. चाकं सायकलचीच ठेवायला लावली, म्हणजे पंक्चर कुठल्याही कोपऱ्यावर निघेल. मागचे आरे जाड घातले. ब्रेक तिन्ही चाकांना लावले. प्राणेश म्हणाला, इतके प्रश्न तर मला बँकेनंही विचारले नव्हते. मला ते कौतुक वाटलं.

जुलैत गाडी घरी आली. गोदूबाईनं चाकांखाली लिंबं ठेवली, बसवंतनं मूठ पिळली आणि गाडी आवाज न करता फाटकाबाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत जाऊन तो परत आला तेव्हा लहान पोरासारखा हसत होता. "साहेब, पाय दुखत न्हाईत बघा!" मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की निवृत्तीचा निरोपसमारंभसुद्धा मी माफ करून टाकला.

आता बॅटरीचं असं असतं की ती जपली तर चार वर्षं जाते आणि पिळून काढली तर सहा महिन्यांत मरते. निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही, हा पहिला नियम. मीटरवर काटा होता, पण बसवंतला आकडे कळत नव्हते. म्हणून मी प्रेमाची एक लाल टिकली घेतली आणि मीटरच्या काचेवर बरोबर निम्म्याच्या खुणेला चिकटवली. "काटा टिकलीच्या खाली जायला नको. कळलं?"

"सरी, साहेब."

बाकीचं मी माझ्याकडे घेतलं. फ्रीजचा बर्फ वितळला की ते पाणी गाळून बॅटरीत घालायचो. डिस्टिल्ड वॉटरला पैसे कोण देतो? टोकांना व्हॅसलिन, रविवारी साखळीला तेल. गाडी परत आली की हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी, बुडवून आकडा वहीत लिहायचो. बाराशे साठ म्हणजे बॅटरी भरलेली, अकराशे नव्वद म्हणजे निम्मी संपलेली. वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, म्हणून दुपारी तीनलाच चार्जिंगला लावायचो. प्रेमा म्हणायची, "आमच्या बाळंतपणात हे एवढं लक्ष असतं तर!" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

पहिल्या महिन्यात एकदाच काटा टिकलीखाली गेला. रस्ता खणला होता, लांबून वळसा पडला. आकडा अकराशे सत्तर. मी बसवंतला ओरडलो नाही. मला ओरडता येत नाही. मी गप्प बसतो, आणि माझं गप्प बसणं ओरडण्यापेक्षा वाईट असतं असं घरचे सांगतात. संध्याकाळी तेवढं म्हणालो, "असं झालं तर बॅटरी सहा महिन्यांत मरेल. नवी घेणं मला जमणार नाही. मग सगळंच बंद होईल, बसवंता."

"आता न्हाई व्हायचं, साहेब," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "बॅटरी लई कशात खाती?"

हा प्रश्न मला फार आवडला. यंत्राबद्दल कुणी काही विचारलं की मी विरघळतो. मी त्याला पायरीवर बसवून समजावलं, की चढाला सगळ्यात जास्त, मग भरलेल्या गाडीला, मग थांबून पुन्हा निघताना. तो एकेक गोष्ट बोटांवर मोजत होता.

त्यानंतर वहीतले आकडे सुधारले. बाराशे तीस, बाराशे पस्तीस, पुढं रोजच बाराशे चाळीस. बसवंत फाटकातून मूठ पिळत यायचा, उतरायचा आणि मी आकडा बघेपर्यंत गाडीशी उभा राहायचा. मी "वा!" म्हणालो की मग पाणी प्यायचा. खंडेनवमीला गाडीला झेंडूच्या माळा घालून त्यानं तिच्यापुढं भोपळा फोडला, तेव्हा मी प्रेमाला म्हणालो, बघ, माणसाला नीट शिकवलं की तो यंत्र किती जपतो.

याच सुमारास तो लवकर निघायला लागला होता. आधी सव्वानऊ, मग नऊ. "अक्का, डबे स्वल्प लवकर द्या, रस्त्यात गर्दी लई वाढलीया." गर्दी वाढली होती हे खरंच. प्रेमा पहाटे साडेचारला उठायला लागली. कणीक मळता मळता पेंगायची. मीही दुपारी वही मांडीवर घेऊन डुलक्या काढायचो. आम्ही सगळेच त्या वर्षी दमलेले होतो. दमलेल्या घरात कोण कुणापेक्षा जास्त दमलाय हे बघायला कुणाला फुरसत नसते. गोदूबाईच्या हाताला तिळाच्या तेलाचा वास येतो, असं प्रेमा एकदा म्हणाली. मी म्हणालो, येत असेल.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये प्राणेशचा फोन आला. त्याला गिऱ्हाइकांना दाखवायला माझे आकडे हवे होते. मी वही घेऊन मोठ्या दिमाखात होसकोट्याला गेलो. त्यानं चार पानं उलटली, चष्मा पुसला आणि पुन्हा उलटली.

"सार," तो म्हणाला, "साठ डबे, सोळा किलोमीटर, मध्ये कुंदलहळ्ळीचा चढ. आणि परत आल्यावर बाराशे चाळीस? हे होणार नाही. एक तर तुमचा हायड्रोमीटर बिघडलाय, नाहीतर तुमची गाडी चालत नाहीये."

मला राग आला. तुझ्यापेक्षा जास्त मोजमापं केली आहेत मी, असं काहीसं बोलून मी उठलो. पण बसमध्ये बसल्यावर तो राग उतरायला लागला आणि त्याच्याखालून दुसरंच काहीतरी वर यायला लागलं. आकडे फार चांगले आले की आधी संशय घ्यावा, हे मीच तीस वर्षं शिकाऊ पोरांच्या कानीकपाळी ओरडत होतो. आणि आठ महिन्यांत एकदाही मी त्या गाडीमागून गेलो नव्हतो. घरी बसून वही भरत होतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता मी दहाला कुंदलहळ्ळीच्या चढाखाली जाऊन उभा राहिलो. चहाच्या टपरीच्या सावलीत. साडेदहाला बसवंत दिसला.

तो पायडलवर उभा राहून सगळं अंग टाकत होता, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. उजवीकडे टाकताना त्याचं तोंड उघडायचं. चढ सुरू झाला तशी गाडी थांबली. तो उतरला. खांदा पेटीला लावला आणि ढकलू लागला. उजवा पाय तो टाकत नव्हता, मागून ओढत होता. साठ डबे आणि खाली छप्पन्न किलोच्या बॅटऱ्या. जुनी तीनचाकी याच्या निम्म्या वजनाची होती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो मोती मीच त्याच्या नाकात घातला होता.

मी धावत गेलो. मला बघून तो दचकला, पण लगेच त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून मीटरची काच पुसली.

"बघा साहेब. टिकलीच्या किती वर हाय."

"मोटर का नाही लावलीस?" माझा आवाज चिरकला.

"लावतो की. येताना आपल्या देवळाच्या कोपऱ्यापासनं घरापतुर लावतो."

"अरे, चढाला तरी लावायचीस!"

"चढालाच तर लई खाती, साहेब. तुम्हीच सांगितलंसा की." तो धापा टाकत होता, पण समजावून सांगत होता, मी त्या दिवशी पायरीवर त्याला सांगितलं होतं तसंच. "भरल्या गाडीला खाती, चढाला खाती. म्हणून जाताना लावतच न्हाई. बॅटरी मेली तर समदंच बंद, न्हवं का?"

मला तिथं रस्त्यावर रडू आलं. लोक बघत होते. मी त्याला सीटवर बसवलं, मूठ पिळायला लावली आणि स्वतः गाडीबरोबर चालत गेलो. काटा भराभर खाली येत होता आणि बसवंत माझ्याकडे घाबरून बघत होता. "बंद करू का, साहेब? आता करू का?" मी दर वेळी नाही म्हणत होतो.

घरी आल्यावर प्रेमानं गोदूबाईला धरलं. "तुम्हाला ठाऊक होतं ना? मग बोलला का नाहीत?"

गोदूबाईनं लाटणं खाली ठेवलं. ती चिडलेली नव्हती, नुसती थकलेली होती. "रोज रात्री गुडघा चोळताना बोलत होते की, अक्का. पण ह्यांना. तुम्हाला काय बोलू? साहेब वही बघून खूश व्हायचे. साहेब खूश, तर काम हाय." मग तिनं पुन्हा पोळी लाटायला घेतली, कारण घरच्या पोळ्या अजून व्हायच्या होत्या.

डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो उजेडात धरला. गुडघ्यात आता काही उरलं नव्हतं. ऑपरेशन केलं तरी घरातल्या घरात चालता येईल, गाडीचं नाव काढायचं नाही. मागच्या वर्षीच थांबायला हवं होतं, तो म्हणाला. थांबवलं होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. मी त्याला सांगितलं, की चूक माझी आहे, तुझा पगार चालू राहील, फोनवर ऑर्डर घ्यायचं काम तू घरी बसून कर. तो ऐकत होता, पण मी पगाराबद्दल बोलत असताना त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"साहेब, आता गाडीवर दुसरा माणूस ठेवणार न्हवं?"

"ठेवावा लागेल."

"त्याला सांगा, आठ महिने झाले तरी बॅटरी नव्यागत हाय. एकदासुदीक मरू दिली न्हाई." तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळला. दुखणाऱ्या पायावर दोन्ही हात ठेवून, शाळेतल्या मुलानं निकाल विचारावा तसं त्यानं विचारलं, "गाडी चांगली ठेवली न्हवं मी?"

मला त्याच्याकडे बघवेना. पण तो उत्तराची वाट बघत होता, आणि तेवढं एक उत्तर तरी मला ठाऊक होतं.

"ठेवलीस," मी म्हणालो. "फार चांगली ठेवलीस."