गिरजाबाईचा हात

गिरजाबाई चुलीशी भाकऱ्या थापत होती, पण तिचा कान मागच्या खोलीकडे होता. तिथे तिची सून निशिगंधा कपाटाचं दार पुन्हा पुन्हा उघडत होती. शेवटी गिरजाबाई पिठाच्या हातांनीच दारात जाऊन उभी राहिली.

पलंगावर दोन कपडे मांडले होते. एक राखाडी साडी आणि एक इस्त्री केलेला मोरपंखी कुर्ता. दुपारी उरणजवळच्या द्रोणागिरीत एका कंटेनर यार्डात निशिगंधाचा इंटरव्ह्यू होता.

"साडी नेस," गिरजाबाई म्हणाली. "आपल्याला तीच बरी."

"आई, मागच्या वेळी तीच नेसले होते."

गिरजाबाईला ते आठवत होतं. बेलापूरच्या एका ऑफिसात रिसेप्शनिस्टच्या जागेसाठी पोर गेली होती. अंगावर हीच साडी, कपाळ मोकळं, हात रिकामे. साहेबाने तिचा बायोडाटा वाचलाच नाही. घरी कोणी आजारी आहे का, असं विचारलं. नवरा गेल्याचं कळल्यावर हळहळला, पाणी मागवलं आणि निरोप देताना म्हणाला, "फ्रंट डेस्कला जरा प्रसन्न चेहरा लागतो हो."

आपल्या समाजाची तऱ्हा बघा! एकाने मारायचं, दुसऱ्याने 'रडतेस का' म्हणून दटावायचं, आणि दोघांनी एकाच पंगतीला जेवायला बसायचं. मोबाईलवर निशिगंधाने इंटरव्ह्यूचे सगळे सल्ले ऐकले होते. साधे कानातले घाला, नखं स्वच्छ ठेवा, बांगड्या वाजता कामा नयेत. पण जिचा नवरा गेला आहे तिने गावातून निघताना काय घालावं, हे कोणी सांगत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी गिरजाबाईचा एकुलता एक तेजस उरणच्या रस्त्यावर ट्रेलरखाली गेला. त्या दिवशी भावकीतल्या बायकांनी गिरजाबाईला पुढे केलं. सुनेचं कुंकू पुसायचं ते विधवेच्याच हाताने, सवाष्णीने त्याला हात लावला तर तिच्या कुंकवाला धोका, अशी त्या गावची रीत. गिरजाबाईचा नवरा शिवा तर तेजस रांगता असतानाच गेला होता. तेव्हा या कामाला तिच्याइतकं लायक दुसरं कोण असणार? तिने पोटच्या पोराचं दुःख गिळून सुनेचं कपाळ पुसलं, बांगड्या फोडल्या. आरशाच्या कडेला निशिगंधाने चिकटवून ठेवलेल्या टिकल्याही चमच्याच्या दांड्याने खरवडून काढल्या. डिंकाचे ठिपके तेवढे राहिले.

तेव्हापासून घरात कमावतं माणूस नव्हतं. मोठे दीर सिताराम यांच्या घरून तांदूळ यायचे आणि तांदळाबरोबर हुकूमही यायचे. या लग्नाला जाऊ नका, त्या दारात उभं राहू नका. ही नोकरी मिळाली तर तांदूळही विकत आणता येणार होते आणि हुकूमही थांबणार होते. म्हणून तर गिरजाबाई मऊ पडली.

"कुर्ता घाल," ती म्हणाली. "पन कपाल हाय तसंच ठेव."

घट्ट वेणी घालून, धुतलेले सँडल पायात अडकवून निशिगंधा निघाली.

त्याच संध्याकाळी सितारामच्या नातवाची, दिपेशची हळद होती. गल्लीभर मांडव, डीजे, पिवळ्या साड्या नेसलेल्या बायका. गिरजाबाई मागे आचाऱ्यापाशी लसूण सोलत बसली होती. हळदीला विधवेचा हात चालत नसे, लसणाला चालायचा.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी निशिगंधा दिसली. ती हसत येत होती. दोन वर्षांत गिरजाबाईने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि पाहून तिला क्षणभर फार बरं वाटलं. मग तिला सुनेच्या कपाळावरची बारीकशी मरून टिकली दिसली.

ती सगळ्यांनाच दिसली. सितारामची बायको सुंदराबाई ठसक्यात म्हणाली, "गिरजे, तुझ्या सुनंला कोन नवीन भेटला का काय?"

बायका हसल्या. गिरजाबाई उठली, तरातरा पुढे गेली आणि लसणाच्याच हाताने तिने ती टिकली ओढून काढली.

"आई," निशिगंधा एवढंच म्हणाली, "नोकरी मिळाली. सोमवारपासून."

टिकली गिरजाबाईच्या बोटाला चिकटली होती. सारवासारव करायला ती मांडवाकडे वळून मोठ्याने म्हणाली, "हापिसवाल्यांनी लावाया सांगितली असंल गो, जाऊबाय! नोकरीसाठी लावली तिनी."

ही पळवाट सगळ्यांना आवडली. सिताराम पुढे येऊन मोठ्या मनाने म्हणाला, "मंग काय हरकत नाय. हापिसात लाव, गावात येताना पुसून येत जा."

मान हलवली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. निशिगंधाने मान हलवली नाही.

"त्यांनी काहीच सांगितलं नाही, काका. तिथल्या मॅडमचं कपाळ पण मोकळंच होतं. गेटपास कसा बनवशील, ड्रायव्हर भांडायला लागला तर काय करशील, एवढंच विचारलं. टिकली मी माझ्यासाठी लावली. आरशात बघून मला बरं वाटलं."

सितारामचा आवाज चढला. "मंग या मांडवात पाय ठेवायचा नाय. आन् सोमवारी अशी भाईर पडलीस तर माझ्या घरचा तांदूल बंद."

रविवारी दुपारी वऱ्हाड नवरीच्या गावाला गेलं आणि गल्ली रिकामी झाली. त्या दोघींना कोणी बोलावलं नव्हतं. निशिगंधा बाहेर कपडे वाळत घालत होती. गिरजाबाईने पदराच्या टोकाला लावून ठेवलेली ती टिकली काढली आणि आरशासमोर उभी राहिली. बोट कपाळापर्यंत नेलं, पण पुढे रेटवेना. कुंकू लावलेला आपला चेहरा कसा दिसायचा, तेच तिला आठवत नव्हतं. आठवला तो फक्त एक हात. शिवा गेला तेव्हा तिचं कपाळ पुसणाऱ्या चुलतसासूचा, खरखरीत, सुक्या मासळीचा वास येणारा. त्या हाताचा तिने जन्मभर राग केला होता. आता निशिगंधा आयुष्यभर लसणाच्या वासाच्या हाताचा राग करणार, हे तिच्या ध्यानात आलं आणि ती मटकन खाली बसली. बराच वेळ रडली. मग तिने ती टिकली आरशाच्या कडेला, जुन्या डिंकाच्या ठिपक्यावर दाबून बसवली.

सोमवारी सकाळी निशिगंधाने ती पाहिली. सासूला काही न विचारता तिने टिकल्यांच्या पाकिटातली नवी टिकली काढून लावली, डबा पिशवीत घातला आणि दार उघडलं. समोरच्या ओट्यावर सिताराम आणि सुंदराबाई वाटच बघत होते.

"गिरजे," सिताराम गरजला, "पूस ते!"

गिरजाबाई उंबऱ्यात उभी होती.

"दोनदा पुसलं, भावजी. एकदा माझ्या पोराच्या नावानं, एकदा तुमच्या मांडवाच्या नावानं. आता माझा हात उठनार नाय. तुमाला पायजे तर जाऊबायला सांगा."

सितारामने बायकोकडे पाहिलं. सुंदराबाईचा हात नकळत स्वतःच्या कुंकवाकडे गेला आणि ती दोन पावलं मागे सरली. सवाष्णीने कसं पुसायचं? आजूबाजूच्या दारांत बायका उभ्या होत्या, पण एकही पुढे आली नाही. एवढी जुनी, एवढी कडक रीत, पण एका म्हातारीने हात द्यायचं नाकारलं आणि त्या रितीला दुसरा हात मिळेना.

निशिगंधा गल्ली ओलांडून बसथांब्याकडे गेली.

सितारामने शब्द पाळला, तांदूळ बंद केले. पहिला पगार होईपर्यंत सासू-सुनेने रेशनचा जाडाभरडा तांदूळ खाल्ला. भावकीतलं एकही आमंत्रण अजून त्यांच्या दारी आलेलं नाही. आणि गिरजाबाईचं स्वतःचं कपाळ आजही मोकळंच आहे. निशिगंधा कधी कधी पाकीट पुढे करते, तेव्हा ती "राहू दे गो" म्हणून तोंड फिरवते. ऐन तारुण्यात जे पुसलं गेलं ते इतक्या वर्षांनी सहज लावता येत नाही. ते पुसायला लावणारे, शेजारी उभे राहून बघणारे आणि नंतर सुनेचं कपाळ पुसायचं काम तिच्याच हातात देणारे आपणच होतो. तिने कधी जाब विचारला तर उत्तर कोण देणार आहे?