तिसऱ्या इंजेक्टरची टिकटिक

मित्रांनो, मी एक जुना, लांब दांडीचा स्क्रू-ड्रायव्हर आहे. माझी मूठ लाकडी आहे आणि टोक इतकं झिजलं आहे की आता माझ्याने साधा स्क्रूही फिरत नाही. तरीही एका शनिवारी दुपारी मी एक मोटार वाचवली, आणि तिच्याबरोबर एका बाईंची नोकरी. बढाई वाटत असेल तर पुढे वाचा.

पोलादाची कांब तापवून, ठोकून, तेलात विझवून मला घडवलं. तिथून मी कपड्यांच्या एका कारखान्यात आलो. तिथे साठ शिलाई मशीनं होती आणि ती दुरुस्त करणारी एकच बाई, माझी मालकीण. घरची मुलं तिला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणतो. एखादं मशीन कुरकुरू लागलं की ती माझं टोक त्याला टेकवायची आणि मूठ कानाशी धरायची. आतला आवाज माझ्या दांडीतून थेट तिच्या कानात जायचा. कुठला सांधा कोरडा पडला आहे, हे ती मशीन न उघडता सांगायची. तिच्या कौतुकातला थोडा वाटा मलाही मिळायचा.

पुढे विजेवर फिरणारे स्क्रू-ड्रायव्हर आले. मला रंगाचे डबे उघडायला वापरू लागले. एकदा तर वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला दाराखाली सरकवलं. आत्या निवृत्त झाली, तेव्हा तिने मला भंगाराच्या पेटीतून उचलून आपल्या पिशवीत टाकलं. त्यानंतर दोन वर्षं मी त्या पिशवीत नुसता पडून होतो.

मग तिच्या थोरल्या भावाचा, दादांचा, फोन आला.

"अगं, गाडी मिसिंग आहे."

"चोरीला गेली? मग पोलिसांत जा, मला काय सांगतोस!"

"तसं नव्हे गं! इंजिन मिसिंग मारतंय. चारातला एक ठोका चुकतो, सगळी गाडी थरथरते. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, मग कॉइल बदलल्या. काही फरक नाही. आज चार वाजता जुन्या गाड्या घेणारा येतोय. एकदाची देऊन टाकतो."

"आणि वहिनी शाळेत कशी जाणार?"

वहिनी डोंगरापलीकडच्या शाळेत शिकवते. तिकडे जाणारी एकच बस, तीही दुपारी. दुसरी गाडी घेणं घराला झेपणारं नव्हतं. गाडी गेली की नोकरी गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

दोन वाजता आम्ही तिथे होतो.

"आल्या शिंपीणबाई," दादा म्हणाले. "हे इंजिन आहे बरं का, उशीचे अभ्रे शिवायचं मशीन नव्हे."

"अभ्रा तरी धड शिवता येतो का तुला? चालू कर."

गाडी चालू झाली. तापाने कुडकुडणाऱ्या माणसासारखी ती हलत होती. आत्याने बाह्या वर केल्या आणि मला बाहेर काढलं. चार सिलिंडर, आणि प्रत्येकात पेट्रोलचा बारीक फवारा सोडणारा एकेक इंजेक्टर. माझं टोक पहिल्यावर टेकलं. टिक टिक टिक. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर काहीच नाही. चौथ्यावर पुन्हा टिकटिक. आत्याने खात्रीसाठी पहिल्यापासून पुन्हा ऐकलं. तिसरा मुकाच.

"म्हणजे इंजेक्टर बदलायचा?" दादांनी लगेच फोन काढला.

"ठेव तो फोन. न तपासता बदलाबदली फार झाली तुमची. तो मुका आहे, की त्याला कुणी हाकच मारत नाही, ते आधी बघू दे."

मला तिसऱ्यावर धरून ठेवत तिने दुसऱ्या हाताने त्याची वायर हळूहळू चाचपायला सुरुवात केली. जिथे वायर एका पट्टीवरून वळत होती, तिथे तिने ती किंचित उचलली.

टिक टिक टिक!

माझी दांडी शहारली. त्याच क्षणी गाडीची थरथर थांबली. तिने वायर सोडली, थरथर परत. उचलली, बंद.

"पायडलची वायर!" आत्या ओरडली. "अरे, शिलाई मशीनच्या पायडलची वायर अशीच वळणावर आतून तुटते. वरून बघावं तर अगदी धडधाकट!"

इंजिन बंद करून तिने वरचं प्लास्टिक कापलं. आतली तांब्याची तार तुटून हिरवी पडली होती. खराब तुकडा तिने छाटला, आणि नेमका तेव्हाच तो गाड्या घेणारा माणूस आला. वीस मिनिटं आधी.

"अहो, ही तर सोलून ठेवलीय! मी निघतो. द्यायची असेल तर आत्ताच बोला."

दादांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी बॉनेटसमोर येऊन उभी राहिली. "वन्सं, किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"दहा मिनिटं थांबा," वहिनी त्या माणसाला म्हणाली. "नाहीतर खुशाल निघा."

तो थांबला. आत्याने नवा तुकडा जोडला, सोल्डर केला, वरून नळी चढवली आणि वायर जरा सैल बांधली, म्हणजे पुन्हा तिथे ताण नको. वहिनीने स्वतः किल्ली फिरवली.

मित्रांनो, चार सिलिंडर एका तालात चालू लागले की काय ऐकू येतं माहीत आहे? जवळजवळ काहीच नाही! बॉनेटवर ठेवलेला मी जागचा हललोही नाही.

"भाव वाढवून देतो," तो माणूस घाईने म्हणाला.

"आता हिला विकणार नाही," वहिनी म्हणाली. "बसा सगळे. वन्सं, तुम्ही पुढे."

डोंगराचा जो चढ गाडी महिनाभर धापा टाकत चढत होती, तो वहिनीने तिसऱ्या गियरमध्ये पार केला. माथ्यावर पोहोचताच तिने उगाचच दोनदा हॉर्न वाजवला. मागच्या सीटवर दादांनी मला मांडीवर घेतलं होतं. "शिंपीणबाई," ते म्हणाले, "माझ्या गुडघ्यातून कटकट आवाज येतो. तेवढा ऐकतेस?"

मित्रांनो, बिघडलेल्या वस्तूवर चिडून तिला घराबाहेर काढणं सोपं असतं. तुम्ही तसं करू नका. ती नेमकी कुठे गप्प झाली आहे, ते आधी कान लावून ऐका. पुष्कळदा दोष बोटभर वायरीचा असतो आणि शिक्षा सगळ्या गाडीला होते.