भरीव तिजोरी

बंद भांडं तसंच भट्टीत टाकायचं नाही. आधी ड्रिलने भोक पाडायचं. आत थेंबभर पाणी असलं तरी वितळलेलं पितळ तोंडावर उडतं. फौजेच्या वर्कशॉपात मी हे पंचवीस वर्षं जवानांच्या डोक्यात ठोकून बसवलं, आणि आता फरीदाबादच्या या ओतकामाच्या शेडमध्येही तेच करतो. इथे खंडेराव म्हणजे खडूस म्हातारा. असू दे.

देवयानी शिल्पं करते. दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढली, तिचं मराठी निम्मं हिंदी. दिल्लीतल्या मराठी घरांतून तिने जुनी तांब्यापितळेची भांडी गोळा केली होती. ती वितळवून तिला तिजोरी ओतायची होती. दार नाही, आत पोकळी नाही, नुसती भरीव.

"मग ठेवायचं काय त्यात, कपाळ?" मी विचारलं.

"वही तो, काका! सगळी दौलत आधीच आत आहे."

म्हटलं, काय ही थेरं! पण पोरगी गुणी. मी कितीही ओरडलो तरी हसायची, आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं थालीपीठ माझ्यापुढे सरकवायची. जीव लावला होता तिने.

ओतायच्या दिवशी सकाळी मी एकेक भांडं उलटंपालटं करून पाहिलं. शेवटच्या गोणीत हाताला लागला गंगेचा गडू. तांब्याचा, मुठीएवढा, तोंड झाळून बंद केलेला. कुणाच्या तरी देवघरातला. माझी आई गेली तेव्हा तिच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं ते अशाच गडूतलं. मी ड्रिल टेकवलं, पण हात चालेना. कुणाचं तरी मरणाचं पाणी ते, त्याला भोक कसं पाडू? गडू कपाळाला लावला. तेवढ्यात भट्टीचा पंखा घरघरायला लागला. मी गडू कट्ट्यावर ठेवला आणि शिव्या घालत मागे गेलो.

पंख्याचा पट्टा बसवताना मला एकदम आठवलं. तो कट्टा तपासलेल्या भांड्यांचा होता. तिथलं भांडं देवयानी न बघता उचलायची. आणि दिल्लीत वाढलेल्या पोरीला गडू कुठून माहीत असणार!

मी धावलो. "देवयानी, हात लावू नकोस!" भट्टीच्या आवाजात माझं ओरडणं मलाच ऐकू येईना. भट्टीतली मूस वितळलेल्या पितळाने काठोकाठ भरली होती. घाम पुसायला तिने डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवलेला. चिमट्यात गडू. मला बघून ती हसली, आणि तिने तो सोडला.

शेडचे पत्रे हादरले. तिची किंकाळी अजून माझ्या कानात आहे.

तिसऱ्या दिवशी तिचा गॅलरीवाला यतीन हॉस्पिटलात आला. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. डॉक्टर काही नीट सांगत नव्हते. भिंतीवर उडून थिजलेलं पितळ यतीनने सोलून नेलं होतं.

"देवयानी, लोक तिजोरी विसरतील यार. त्या तुकड्यांना आता खरी किंमत आलीये."

मी त्याची कॉलरच धरली. "लाज वाटते का रे तुला?"

"मला? भांडी तपासायचं काम कुणाचं होतं?"

देवयानीने चाचपडत माझा हात शोधला. "यतीन, काकांना एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी एकेक भांडं स्वतः तपासलंय. त्या कट्ट्यावर ते चुकीचं काही ठेवणारच नाहीत. हो ना, काका?"

"हो," मी म्हणालो.