चौथी ओळ

सुहासने ती दुरुस्ती केली तेव्हा त्याला जेमतेम अठरा मिनिटं लागली. पण बैल गेला आणि झोपा केला, त्याला काय अर्थ?

बिरवाडीत खोली घेऊन राहणारा सुहास दिवसा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा आणि हौसेने पुस्तकं जुळवायच्या एका फुकट प्रोग्रामची, एडिटरची, देखभाल करायचा. परदेशातली माणसं तो वापरतात, याची त्याला कोण ऐट! पोलादपूरकडच्या त्याच्या वाडीतली शिक्षिका गौतमी त्यावरच मार्चची पुस्तिका जुळवत होती. सत्तावीस सालच्या सत्याग्रहाला वाडीतून चवदार तळ्यावर चालत गेलेल्यांची नावं, प्रत्येक नावाचा वेगळा परिच्छेद.

जानेवारीतच तिने फोन केला होता. "दादा, टक्क्याच्या चिन्हाने सुरू केलेली ओळ म्हणजे आपली टीप, ती छापली जात नाही. पण ओळी सारख्या करायची कळ दाबली की एडिटरला टीप आणि तिच्याखालचं नाव एकच परिच्छेद वाटतो. नाव टिपेत ओढलं जातं आणि छपाईत गायब होतं."

"माहितीये गं. करतो."

करतो म्हणायला काय जातं? दोन महिने गेले. एव्हाना झालं असेल, या भरवशावर गौतमीने शेवटच्या दिवशी कळ दाबली आणि पुस्तिका छापायला गेली.

वीस मार्चला तळ्यावर गर्दीत वाडीतली धोंडूबाई पुस्तिका मांडीवर घेऊन बसली होती. वय पंच्याऐंशी, अक्षरओळख नाही. तिचा बाप महादू त्या यादीत होता. "धोंडूबाईंना विचारून खात्री करणे" अशी टीप गौतमीने त्याच्याच नावाच्या वरच्या ओळीत लिहिली होती.

"सुहास, माझा बाप कुठं हाय? बोट ठेव रे."

सुहासने पान दोनदा पाहिलं. महादू नव्हता. शेजारी उभ्या गौतमीचा चेहरा उतरला. आजूबाजूला सगळी वाडी उभी. सुहासला धीर झाला नाही. त्याने म्हातारीचं बोट धरून चौथ्या ओळीवर ठेवलं. तिथे चांगू होता.

"हा बघ, आजी."

तिने ते बोट कपाळाला लावलं. सुहासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी खोलीवर येऊन त्याने दुरुस्ती केली.

पुढच्या मार्चला नवी, नीट छापलेली पुस्तिका घेऊन तो वाडीवर गेला. धोंडूबाईने आधी बाबासाहेबांच्या तसबिरीखालून जुनी काढली. चौथी ओळ बोटाने झिजून पुसट झाली होती.

"रोज हात लावते," ती म्हणाली, आणि नव्या पानावरही चार ओळी मोजून बोट ठेवलं.

"आजी, पाचवी," सुहास कसाबसा म्हणाला. "चौथा चांगू. गेल्या साली तुझ्या बापाचं नाव छापायचंच राहिलं होतं. चूक माझी होती. आणि मी तुला खोटं दाखवलं."



"चांगूबी चालतच गेला व्हता," म्हातारी म्हणाली. "त्याला हात जोडले, त्याचं काय नाय. छापायचं राह्यलं, त्याचंबी काय नाय. पन नाव नाय, येवढं तवाच सांगायचं रे. मी तिथं तळ्यावर तोंडानं घेतलं असतं बापाचं नाव."