आज काय आलं?

"थांबा बाई. हे नका ठेवू," इस्त्रीवाली म्हणाली आणि हातातली इस्त्री उभी करून ठेवली.

संशोधक बाईंनी कागदावरून मान वर केली. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट होती. एक टेबल, त्यावर जाड चादर, मागे कपड्यांचे गठ्ठे. बाई स्टुलावर बसून वाचून दाखवत होत्या. माणसाचं बोलणं कागदावर उतरलं की परत जाऊन ते त्यालाच वाचून दाखवायचं, ही त्यांची जुनी रीत. ऑफिसातली पोरं हसायची. "बाई, बाजारातून आणलेली भाजी परत भाजीवाल्याला दाखवायला जाता का?" म्हणायची. बाई हसून सोडून द्यायच्या, पण जायच्याच.

इस्त्रीवाली काही वर्षं तुरुंगात होती. तिथल्या बायकांच्या वर्गात ती वाचायला शिकली. तो वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे आता सरकारी बैठकीत ठरणार होतं. त्यासाठी बाई आतल्या आणि सुटून आलेल्या बायकांशी बोलत होत्या. बहुतेकींनी पोलिसाला द्यावीत तशी उत्तरं दिली होती. वर्ग चांगला आहे, शिकवणाऱ्या चांगल्या आहेत, फायदा होतो. ऐकून ऐकून बाईंचे कान किटले होते. मग ही भेटली आणि इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली,

"आत काय अन् बाहेर काय, जो तो विचारतो, काय केलंस? त्या एका खोलीत विचारायचे, आज काय आलं? एखादं अक्षर आलेलं असायचं. मग दिवसभर मी ते घेऊन फिरायची."

नेमकं हेच वाक्य तिला आता नको होतं.

"तुमचं नाव नाही, गाव नाही, गुन्हा नाही," बाई म्हणाल्या. "इस्त्रीसुद्धा नाही घातली मी."

"तुम्ही नाही घातलंत हो. पण नात शाळेतून आली की मी तिला रोज हेच विचारते, आज काय आलं? जावई समोरच असतो. कान आहेत त्याला."

"त्यांना माहीत नाही?"

"लेकीनं सांगून ठेवलंय, आई परगावी कामाला होती. तेवढ्यावर तिचा संसार उभा आहे." तिनं रस्त्याकडे पाहून आवाज उतरवला. "अन् गेल्या आठवड्यापासून तो तुमच्याच मोठ्या साहेबांची गाडी चालवतो. तुमचं ते पुस्तक गाडीत पडलेलं असणार."

"साहेबसुद्धा अहवाल पुरता वाचत नाहीत हो."

"साहेब कशाला वाचतील! ड्रायव्हर वाचतो. दिवसभर गाडीत बसून दुसरं काय करायचं? पुडीचा कागदही सोडत नाही तो मेला."

दोघी हसल्या. हसू लवकर संपलं.

"शब्द थोडे फिरवले तर?" बाईंनी विचारून पाहिलं.

"फिरवा की. मग ते माझं राहील का? अन् माझं नसलं, तर तुम्हाला कशाला हवंय?"

बाईंनी त्या ओळीवर काट मारली. इस्त्रीवालीनं शर्टाची कॉलर सरळ केली. "वर्ग बंद झाला तर मला गोड वाटेल असं नका समजू. माझ्या शेजारी बसायची ती अजून आतच आहे. जोडाक्षरांपाशी अडली होती बिचारी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या साहेबांनी अहवालाचं पहिलं पान उलटसुलट करून पाहिलं.

"ते वाक्य कुठं गेलं? बैठकीत मी त्यानंच सुरुवात करणार होतो. आकडे सगळेच आणतात."

"त्यांनी मागे घेतलं, साहेब."

"संमतीच्या कागदावर सही आहे ना त्यांची?"

"आहे. छापेपर्यंत मागे घेता येईल, हेही त्याच कागदावर आहे."

"पण कारण काय?"

खिडकीतून खालचं अंगण दिसत होतं. गाडीची काच पुसून ड्रायव्हर आता बॉनेटवर फडकं फिरवत होता, मन लावून, आपलीच गाडी असल्यासारखा.

"कारण सांगता येणार नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते. वर्ग वाचावा असं त्यांनाही मनापासून वाटत होतं. म्हणूनच ते दुखावले. "एकीसाठी बाकीच्या सगळ्यांचं नुकसान करताय, बाई. बघा बुवा."

जागेवर येऊन बाईंनी कानाला रेकॉर्डर लावला, ते बोलणं शेवटचं ऐकलं. मागे इस्त्रीचा चटका बसलेल्या ओल्या कापडाचा आवाज होता. मग त्यांनी ते पुसून टाकलं.

घरी आईला कमी ऐकू यायचं, पण बोलायला काही कमी नव्हतं. "ही आली! जगाचं ऐकायचा पगार घेते आणि आईचं फुकटसुद्धा ऐकत नाही. तोंड का पडलंय?"

"एकीनं दिलेलं परत मागितलं," बाई मोठ्यानं म्हणाल्या.

"मग दिलंस ना?"

"दिलं."

"मग जेव."

बैठक झाली. वर्ग तूर्त स्थगित, असा निर्णय आला. तूर्त म्हणजे काय, हे इतकी वर्षं धोरणांच्या कागदांत घालवलेल्या बाईंना कोणी सांगायची गरज नव्हती.

घरातल्या चादरी घेऊन त्या इस्त्रीवालीकडे गेल्या.

"झालं का तुमचं काम?" तिनं मान खाली ठेवूनच विचारलं.

"झालं. वर्ग बंद झाला."

इस्त्री चादरीवरून गेली, परत आली. "म्हणजे तिची जोडाक्षरं राहिलीच," ती म्हणाली.

तेवढ्यात ड्रायव्हर मुलीला शाळेतून घेऊन आला. बाईंना पाहून त्यानं घाईघाईनं शर्टाचं वरचं बटण लावलं. "मॅडम, तुम्ही इकडे? आमच्या सासूबाईंना कशा काय ओळखता?"

इस्त्री जागच्या जागी थांबली. चादरीतून करपल्याचा बारीक वास आला.

"चादरी टाकायला येते," बाई म्हणाल्या. "हात चांगला आहे त्यांचा."

"असणारच! परगावी मोठ्या लाँड्रीत होत्या त्या."

"हो का?"

इस्त्री उचलली गेली. चादरीवर फिकट तपकिरी डाग उठला होता. इस्त्रीवालीनं घडी अशी घातली की तो आत गेला. बाईंनी ते पाहिलं.

नातीनं दप्तर स्टुलावर टाकलं.

"आज काय आलं गं?" आजीनं विचारलं.

"भागाकार आला. पण बाकी उरते तो नाही आला."

"येईल. उद्या विचारते."

बाईंचा हात सवयीनं पर्सकडे गेला, आत चाचपडला, रेकॉर्डरला लागला. मग त्यांनी हात रिकामाच बाहेर काढला आणि चादरींचा गरम गठ्ठा दोन्ही हातांवर घेतला.