अवनीच्या शेजारची सीट

जयप्रकाश सरपोतदार उत्तम गाडी चालवतो, असं मानणारा माणूस बाडहूव्हडॉर्प या अख्ख्या डच गावात एकच होता, आणि तो म्हणजे जयप्रकाश सरपोतदार. "चोवीस वर्षं झाली, गाडीला साधा ओरखडा नाही," हे वाक्य त्याने ऑफिसात ऐकवलं होतं, गणपतीच्या आरतीनंतर ऐकवलं होतं, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं असतानाही ऐकवायचा प्रयत्न केला होता. ओरखडा नव्हता हे खरंच. पण त्याचं बरंचसं श्रेय वेळीच बाजूला होणाऱ्या लोकांचं होतं, आणि ते बिचारे कधी बोलायला आले नाहीत.

एरवी माणूस सोन्यासारखा. शेजारी सुट्टीवर गेले की त्यांच्या मांजराला न चुकता खाऊ घालणारा, फोनवर सासूशी अर्धा तास गुडघ्यांविषयी बोलणारा. मात्र स्टिअरिंग हातात आलं की त्याच्या अंगात दुसराच कोणीतरी संचारायचा. पुढच्या गाडीला तो इतका चिकटायचा की तिच्या मागच्या सीटवरच्या पोरांना हा काका ओळखीचा वाटू लागावा. इंडिकेटर द्यायचा तो वळून झाल्यावर, पत्राची पोच दिल्यासारखा. झेब्रापाशी थांबायचा, नाही असं नाही. पण थांबल्यावरही गाडी बोटबोट पुढे सरकवत राहायचा, त्यामुळे म्हाताऱ्या बायका उरलेला अर्धा रस्ता पळत ओलांडायच्या. आणि ज्या गल्लीत वर्षानुवर्षं कोणी हॉर्न ऐकला नव्हता, तिथे हा रोज सकाळी एकदा तरी वाजवायचाच. का, तर "आपण आलोय हे लोकांना कळायला नको?"

त्याची बायको नीलिमा गाडी शिकलीच नव्हती. स्खिपोल विमानतळाजवळच्या कंपनीत ती सायकलने जायची, पाऊस असला तर भिजत जायची, आणि वर "जेपीच्या गाडीपेक्षा बरं" असं मैत्रिणींना सांगायची.

आता अशा माणसाला डच लायसन्स दिलं कोणी, असं कुणीही विचारेल. तर ते परीक्षा न घेताच दिलं. करसवलत देऊन बोलावलेल्या परदेशी तज्ज्ञांना मायदेशाचं लायसन्स जमा करून त्या बदल्यात इथलं घेता येतं. आठ वर्षांपूर्वी जयप्रकाश खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत गेला, आपलं कार्ड काउंटरवर सरकवलं, आणि काही दिवसांनी गुलाबी डच लायसन्स खिशात घालून आला. इथल्या लोकांना त्यासाठी महिनोन् महिने घाम गाळावा लागतो हे कळल्यावर तर स्वारी आणखीच खूश झाली.

त्याची मुलगी अवनी मात्र घाम गाळून शिकली. नऊ वर्षांची असताना इथे आलेली ही पोर सतराव्या वर्षी, मार्च महिन्यात, पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाली. जयप्रकाशने पेढे वाटले. पण पेढ्यांहून गोड गोष्ट वेगळीच होती. सतरा वर्षांच्या मुलांना इथे एकट्याने गाडी चालवता येत नाही. शेजारी कोच लागतो, म्हणजे अनुभवी, लायसन्सवालं मोठं माणूस, आणि त्याचं नाव मुलांनी स्वतः अर्जात भरायचं असतं. अठरावा वाढदिवस झाला की कोचची गरज संपली. अवनीचा वाढदिवस ऑक्टोबरात. म्हणजे सात महिने!

गेली दोन वर्षं ही मुलगी खोलीचं दार लावून बसायची. जेवताना "हं" आणि "नको" यापलीकडे फारसं काही कानावर पडत नसे. पुढच्या वर्षी ती शिकायला घराबाहेर पडणार होती. आणि इथे सरकार म्हणत होतं की सात महिने हिच्या शेजारी कोणीतरी बसलंच पाहिजे. जयप्रकाशला कुठल्याही सरकारबद्दल एवढं प्रेम आजवर वाटलं नव्हतं.

तो पाकिटातून लायसन्स काढूनच जेवणाच्या टेबलाशी आला. "घे, नंबर टाक. तुझ्या अर्जाला लागेल."

अवनीने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "अर्ज भरला ना बाबा. कालच."

"माझ्या नंबरशिवाय?"

"हानेकेचं नाव टाकलंय."

हानेके म्हणजे शेजारीण, त्याच मांजराची मालकीण. वय अडुसष्ट. तीस वर्षं बस चालवली, त्यातली शेवटची दहा नव्या ड्रायव्हरांना तयार करण्यात घालवली, आणि आता बागेतल्या गोगलगायींना दटावत असायची.

"बरं. आणि दुसरं?"

"दुसरं कोणी नाही."

"अगं, पण मी तुझा बाप आहे!"

आता अवनीने लॅपटॉप जरा बाजूला केला. "बाबा, प्लीज, पर्सनली घेऊ नकोस. माझ्या इन्स्ट्रक्टरने पहिल्याच दिवशी विचारलं, हे सगळं तू कुठे शिकलीस? मी म्हटलं, कुठेच नाही, आज पहिल्यांदा स्टिअरिंग धरलंय. मग माझ्या लक्षात आलं. मी लहानपणापासून मागच्या सीटवरून तुलाच बघत आलेय. झेब्रापाशी गाडी सरकवणं, एका हाताने वळवणं, सगळं तुझं. माझे पहिले दहा लेसन्स तुला माझ्यातून काढण्यात गेले."

ओट्यापाशी नीलिमाचं लाटणं थांबलं. जयप्रकाशने लायसन्स पुन्हा पाकिटात घातलं. त्याला फार लागलं होतं, आणि ते लपवायला म्हणून तो उगाच फ्रिज उघडून उभा राहिला.

दोन दिवस त्याने फुगून काढले. तिसऱ्या दिवशी डबाभर नारळाच्या वड्या घेऊन तो हानेकेच्या दारात हजर झाला. बेत असा की गोडीगुलाबीने सांगायचं, बाई, तुम्हीच नाही म्हणा, म्हणजे पोरीला दुसरा इलाज राहणार नाही. तिचं इंग्रजी आणि याचं डच दोन्ही कामचलाऊ, पण मुद्दा पोचला. हानेकेने वडी खाल्ली, बोटं पुसली आणि भिंतीवरचं जाकीट काढलं.

"चला, गाडी काढा. मला एक चक्कर मारून आणा. तुम्ही नीट चालवत असाल तर मी स्वतः अवनीशी बोलते."

जयप्रकाशने जन्मात चालवली नव्हती इतकी जपून गाडी चालवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, हॉर्नला हात नाही. गावातल्या गल्ल्या, मोठा गोल चौक, थोडा हायवे, आणि परत घर. वाटेत तीनदा हानेकेने दारावरचं हँडल घट्ट धरलं. घरासमोर गाडी लावून त्याने विजयी मुद्रेने दार उघडायला हात घातला, तेवढ्यात तिने त्याचा दंड पकडला. त्याच क्षणी खिडकीला घासून एक सायकल सण्णकन निघून गेली.

"शाळेच्या कोपऱ्यावर उजवीकडून कोण आलं होतं?" तिने विचारलं.

"कोणी नाही. रस्ता मोकळा होता."

"एक बाई होती. सायकलला पुढे लाकडी खोकं, खोक्यात दोन लहान मुलं. उजवीकडून येणाऱ्याने आधी जायचं असतं, पण तुमच्यासाठी तिनेच ब्रेक लावला."

जयप्रकाशने आठवून पाहिलं. कोपरा आठवला, झाड आठवलं, बाई काही आठवेना.

"तुम्ही चांगले माणूस आहात," हानेके म्हणाली. "पण गाडीत बसलात की तुम्हाला माणसं दिसत नाहीत. फक्त मोकळी जागा दिसते."

त्याला वाद घालायचा होता. जिथे तो शिकला तिथे जागा दिसली की घुसायचं असतं, तुम्ही नाही घुसलात तर मागचा घुसतो, हे या बाईला कोण सांगणार? पण खोक्यातली ती दोन मुलं त्याला खरोखरच दिसली नव्हती. तो उतरला. या वेळी आधी मागे वळून बघून उतरला.

त्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "अवनी, हानेकेचंच नाव राहू दे."

अवनीने चमकून पाहिलं.

"तुला एक सांगतो, हसायचं नाही. तिकडे लायसन्स काढलं तेव्हा मी मैदानात दहा मीटर गाडी चालवली होती. शेजारी ड्रायव्हिंग स्कूलचे काका, क्लच आणि ब्रेक त्यांच्याच पायाखाली. मी नुसतं स्टिअरिंग धरून बसलो होतो. साहेबांनी लांबून हात केला, झालो पास. इथे तर कोणी तेवढंही विचारलं नाही. म्हणजे मी आजवर परीक्षा दिलेलीच नाही. तू मला शिकवशील?"

कोणी हसलं नाही. "रविवारी दहा वाजता," अवनी म्हणाली. "आणि चपला नाही, बूट घालून यायचं."

मग दर रविवारी वरात निघू लागली. जयप्रकाश गाडी चालवायचा, अवनी शेजारी, आणि फुकटची करमणूक सोडवत नाही म्हणून नीलिमा मागे. हानेकेने एकच युक्ती सांगितली होती: जो माणूस दिसेल तो मोठ्याने बोलून दाखवायचा. तेव्हा गाडी गावातून रांगत चाललेली आणि आत जयप्रकाशचं सुरू: "लाल जाकीटवाली आजी, डावीकडे. शाळेची पोरं तीन, नाही, चार. पिशवीवाला माणूस, याचं लक्ष फोनमध्ये."

"लग्नाला एकवीस वर्षं झाली," नीलिमा मागून म्हणायची, "याला एवढं बोलताना पहिल्यांदाच ऐकतेय."

अवनी दयामाया दाखवत नसे. "बाबा, खांद्यावरून बघ. आरशात नाही, खांद्यावरून." "बाबा, त्याला चिकटून तुला काय मिळणार आहे?" एकदा नीलिमा घरीच होती, आणि गोल चौकात लेन चुकली म्हणून अवनी इतकी बोलली की याचं डोकं फिरलं. पुढच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करून तो तरातरा पायी निघाला. पाव किलोमीटर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की अवनीला कोचशिवाय गाडी हलवताच येत नाही. परत आला तर ती गाडीच्या बॉनेटला टेकून, हाताची घडी घालून वाट बघत होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही फस्सकन हसले. त्या दिवशी घरी जाताना ती त्याला वर्गातल्या एका मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगत बसली, सबंध वाटभर.

जूनमध्ये त्याने हळूच विचारलं, "आता टाकशील माझं नाव?"

तिने खरंच विचार केला. "अजून नाही, बाबा."

ऑगस्टमध्ये पुन्हा विचारलं. "खूप सुधारलायस. पण अजून नाही." त्यानंतर त्याने विचारायचं सोडून दिलं. पोरगी खोटं बोलत नाही याचा त्याला अभिमान वाटायचा, आणि शनिवारी ती हानेकेला शेजारी बसवून गल्लीतून निघाली की खिडकीशी उभं राहून वाईटही वाटायचं.

ऑक्टोबर उजाडला, वाढदिवस झाला, केक कापला, भारतातून व्हिडिओ कॉल आले. सात महिने संपले. कोचच्या यादीत जयप्रकाशचं नाव काही आलं नाही.

पुढच्याच शनिवारी डेल्फ्टच्या विद्यापीठात पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांसाठी माहितीचा दिवस होता. अवनी आता हक्काने एकटी गाडी नेणार होती. जयप्रकाशने सकाळी उठून काचा पुसल्या, टायरमधली हवा बघितली, सीट तिच्या उंचीला पुढे घेतली. किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "पोचलीस की मेसेज कर." मग तो घराकडे वळला, कारण तिथे उभं राहून डोळे पुसणं काही बरं दिसलं नसतं.

"बाबा, कुठे चाललास?"

"घरात."

"ये ना माझ्याबरोबर."

"आता तुला कोणी लागत नाही, अवनी."

"माहितेय. म्हणून तर विचारतेय."

तो होता तसाच, घरच्या स्वेटरवर, शेजारी जाऊन बसला. पट्टा लावताना त्याला बक्कल सापडेना, तेव्हा तिनेच ते लावून दिलं.

गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागायच्या जागी, एका पार्सलवाल्याने पांढरी व्हॅन अगदी कोपऱ्यावर उभी केली होती. अवनीने गाडी थांबवली. मान पुढे काढून पाहिलं, मागे घेऊन पाहिलं, तिला व्हॅनच्या पत्र्याशिवाय काही दिसेना.

"बाबा, मला इथून काहीच दिसत नाहीये. तुझ्या बाजूने कोणी दिसतंय?"

जयप्रकाश पुढे वाकला, मान पूर्ण वळवली. समोर जागा होती, भरपूर होती, एक सोडून दोन गाड्या निघाल्या असत्या. तरी तो बघत राहिला. व्हॅनच्या पलीकडे, सायकलच्या पट्टीवर, एक करडी टोपी हळूहळू जवळ येत होती.

"थांब. एक आजोबा येतायत. पुढे टोपलीत कुत्रा आहे."

ती थांबली. आजोबा सावकाश पुढून गेले, कुत्र्याने गाडीकडे पाहिलं, आजोबांनी हात केला.

"अजून कोणी?"

त्याने पुन्हा पाहिलं, रस्ता दिसतो तिथपर्यंत पाहिलं.

"कोणी नाही. जा आता."

अवनीने त्याच्या शब्दावर गाडी रस्त्यावर काढली.